ताई मतं मोजत होती तेव्हा

नोव्हेंबर लागला की सिंगापुरातल्या आमच्या बिशानवर रोज दुपारी तीनच्या सुमाराला अंधारून येतं. समोरच्या ब्लॉकमधल्या बायका बांबूवर वाळत घातलेले कपडे भराभर आत ओढतात, शाळेच्या मैदानावर विजेचा इशारा देणारा भोंगा वाजतो, आणि पाच मिनिटांत एमआरटीचे, म्हणजे इथल्या मेट्रोचे, रूळही दिसेनासे होतात. इथल्या लोकांना हा पाऊस आवडतो. बारा महिन्यांच्या उकाड्यावर तेवढाच उतारा. माझा मात्र हात आपोआप फोनकडे जातो. अशात घरात दिवाळीची भाजणी भाजली जात असेल तर त्या खमंग वासानंही छाती धडधडायला लागते, आणि माझी बायको नीता स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. तिला ठाऊक आहे. एका आठवड्यात हा पाऊस, हा वास आणि ती भीती एकमेकांत अशी कालवली गेली की आता वेगळी काढता येत नाहीत.

ते मास्कचं वर्ष होतं. आई तीन महिन्यांसाठी म्हणून बार्शीहून आमच्याकडे आली आणि विमानं बंद झाल्यामुळे इथंच अडकली. सॉफ्टवेअर तपासण्याचं माझं काम घरूनच, जेवणाच्या टेबलावर चालायचं. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीची, इराची, परीक्षा नुकतीच संपली होती आणि ती दिवसभर घरात लोळत असायची. माझी थोरली बहीण सुषमाताई पृथ्वीच्या पार पलीकडे, पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात होती. भावोजी गेल्यापासून एकटीच राहायची, औषधांच्या दुकानात काम करायची. आमची सकाळ म्हणजे तिची आदली संध्याकाळ. फोनवर ती "झोपते आता" म्हणायची तेव्हा आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या.

अमेरिकेतली निवडणूक मला तोवर टीव्हीपुरतीच ठाऊक होती. तिथं राष्ट्राध्यक्ष निवडताना प्रत्येक राज्य आपला कौल वेगळा देतं, आणि बहुतेक राज्यांचा कौल कुठे जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. उरतात ती पाच-सहा काठावरची राज्यं. ती ज्या बाजूला कलंडतील, त्या बाजूचा माणूस गादीवर. ताईचं राज्य त्यांतलं एक होतं. त्या वर्षी साथीमुळे लोकांनी टपालानं मतं पाठवली होती आणि तिथल्या कायद्यानं ती पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नव्हती. पाकिटांचा डोंगर झाला होता. दरवेळी ती उघडून मोजण्याचं काम करणारी वयस्क मंडळी आजाराच्या भीतीनं घरी बसली होती. ताईला काही वर्षांपूर्वीच तिथलं नागरिकत्व मिळालं होतं. तिनं नाव दिलं, दुकानातून आठवड्याची रजा काढली, आणि मग आम्हाला सांगितलं.

मी जरा कुरकुरलो. इतकी माणसं एका हॉलमध्ये, तुला खोकला, कशाला हवं हे सगळं. आई मात्र खुर्चीत ताठ बसली. तिनं बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत तिला ड्यूटी लागली. तिनं ताईला एकामागून एक प्रश्न विचारले. पाकिटं कुणाच्या ताब्यात असतात, उमेदवारांची माणसं समोर बसतात का, सह्या कोण तपासतं, दिवसाअखेर सील कोण लावतं. ताई हसत हसत उत्तरं देत होती. बाहेरच्या पाकिटावर मतदाराची सही, आतलं पाकीट कोरं, त्याच्या आत मत. ताईच्या टेबलावर कोरं पाकीट यायचं. ते उघडायचं, मतपत्रिकेची घडी सरळ करायची, गठ्ठा लावायचा. संध्याकाळी सहा ते रात्री दोन अशी तिची पाळी. म्हणजे आमच्या सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत.

तो हॉल कॅमेऱ्यावर दिसतो हे इरानं शोधून काढलं. कुणीही बघावं म्हणून मतमोजणीचं चित्रण थेट इंटरनेटवर चालू ठेवलं होतं. आवाज नव्हता. बुधवारी सकाळी तिनं ते टीव्हीवर लावून दिलं आणि आम्ही तिघं चहा घेऊन बसलो. पांढऱ्या दिव्यांखाली टेबलांच्या रांगा, मास्क लावलेली माणसं, सगळी मुठीएवढी. यांत ताई कशी सापडणार? पण आईनं दोन मिनिटांत बोट ठेवलं. तिसरी रांग, डावीकडून दुसरी. राखाडी स्वेटर.

"गठ्ठा बघ कसा आपटते," आई म्हणाली. "दोनदा उभा, एकदा आडवा. माझ्याकडूनच उचललंय."

त्या दिवशी आई टीव्हीसमोरून हललीच नाही. ताई पाणी प्यायला उठली, ताईनं शेजारच्या बाईला काही दाखवलं, ताईनं मान मोडली, असं समालोचन चालू होतं. मधूनमधून ती स्वयंपाकघरात जाऊन भाजणी हलवून यायची. दहा महिने दोन लेकरांपैकी एकच डोळ्यांसमोर होतं. आता दुसरंही दिसत होतं. दुपारी मी खाली कोपीटियाममध्ये कॉफी आणायला गेलो. कॉफीवाल्या अंकलच्या फोनवर अमेरिकेचा लाल-निळा नकाशा चालू होता. माझी बहीण तिथं मतं मोजते आहे, असं मी त्यांना कुणी न विचारता सांगितलं. त्यांनी मास्कवरून डोळे मोठे केले आणि बाकीच्या दोघा-तिघांनाही सांगितलं. मी कॉलर ताठ करून वर आलो. अभिमानाचा तो एवढाच अर्धा दिवस.

गुरुवारी उठलो तेव्हा नकाशा बदलला होता. बाकीची राज्यं एकेक करून इकडे-तिकडे लागली आणि सगळा देश दोन-तीन राज्यांवर येऊन टांगला. ताईच्या राज्यातली तफावत तासातासाला आक्रसत होती. टपालाची मतं एका बाजूला जास्त पडणार हे जाणकार आधीपासून सांगत होते, तसंच होत होतं. पण जे पुढे होते आणि मागे पडायला लागले, त्यांच्या समर्थकांना ते डोळ्यांदेखत चाललेल्या चोरीसारखं वाटत होतं. हॉलच्या बाहेर गर्दी जमल्याच्या बातम्या आल्या. काहींच्या खांद्यांवर बंदुका होत्या. तिथं ते कायद्यानं चालतं, असं बातम्या देणारा शांतपणे सांगत होता. टीव्हीच्या एका चॅनेलवर ती गर्दी, आणि बटण दाबलं की दुसरीकडे पांढऱ्या दिव्यांखाली मान खाली घालून घड्या सरळ करणारी ताई. मधे एक भिंत. मी आईला बातम्यांचं चॅनेल लावू दिलं नाही.

दहाच्या सुमाराला माझा फोन वाजला. कॉलेजच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याच्या प्रसादनं एक क्लिप टाकली होती. वर लिहिलं होतं, लोकशाही शिकवणाऱ्यांची लोकशाही बघा. मी सहज उघडली. तोच हॉल. तिसरी रांग. राखाडी स्वेटरमधली एक बाई इकडे-तिकडे बघते, कॅमेऱ्याकडे पाठ करते, हातातला घडी केलेला कागद झटकन खिशात टाकते. त्या कागदाभोवती कुणीतरी लाल वर्तुळ काढलेलं. पुन्हा तेच, सावकाश. पुन्हा तेच, जवळून.

मला पहिल्यांदा काय कळलं असेल तर इतकंच, की ती लवंग आहे. ताईला लहानपणापासून कोरडा खोकला. तिच्या खिशात कागदाच्या पुडीत चार लवंगा कायम असायच्या. त्या वर्षी चारचौघांत खोकणं म्हणजे गुन्हाच, म्हणून तिनं पाठ फिरवून, मास्क जरासा उचलून लवंग तोंडात टाकली होती आणि पुडी परत ठेवली होती. हे जगात तीन माणसांना कळलं असतं. आणि ती क्लिप तोवर किती लाख लोकांनी बघितली होती ते खाली लिहिलेलं होतं. त्याखाली प्रतिक्रिया होत्या. ही कोण आहे शोधा. कुठे राहते शोधा. एकानं दोरीचं चित्र टाकलं होतं. मी खाली खाली वाचतच गेलो. इरा मागे येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. तिनं माझ्या हातातून फोन हळूच काढून घेतला.

"बाबा, डोन्ट रीड द कमेंट्स लाह," ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, आणि तिचाच आवाज फुटला.

मी बेडरूममध्ये जाऊन ताईला फोन लावला. पाळीवर असताना फोन कपाटात ठेवावे लागत, हे माहीत होतं, तरी लावला. सहा वेळा लावला. भीती म्हणजे काळोख, निर्जन रस्ता, असंच मी समजत होतो. ती भीती दिवसाउजेडी होती. खिडकीबाहेर लख्ख ऊन, खाली मुलं सायकली फिरवताहेत, नीताच्या खोलीतून तिच्या बँकेच्या मीटिंगचा आवाज, आणि माझ्या कानाशी नुसती वाजत राहिलेली रिंग. तेवढ्यात ग्रुपवर वंदनाचा मेसेज आला. वंदना आमच्याच वर्गातली, ताईला एकदा भेटलेली. तिनं साधंच विचारलं होतं, तुझी बहीण त्याच राज्यात असते ना रे?

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी लिहिलं, हो, पण ती औषधांच्या दुकानात असते, या भानगडीशी तिचा काही संबंध नाही. आणि खाली एक हसरा चेहरा टाकला. प्रसादला मी म्हणू शकलो असतो की बाबा रे, ती लवंग आहे, ती माझी बहीण आहे, हे काढून टाक. पण नाव बाहेर पडलं तर कुठवर जाईल? ग्रुपमध्ये साठजण. प्रत्येकाचे आणखी दहा ग्रुप. हा विचार मी खरंच केला. पण खरं सांगायचं तर विचार नंतर आला, बोटांनी आधीच लिहून टाकलं होतं. हसरा चेहरा कुठल्या विचारातून आला ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

बाहेर आलो तर आई टीव्हीकडे बघत होती आणि ताईची खुर्ची रिकामी होती.

कुणी एक अधिकारी आला, तिच्या कानाशी वाकला, आणि ती त्याच्याबरोबर गेली, असं आईनं सांगितलं. जेवायला गेली असेल, असंही तीच म्हणाली. बारा वाजले. साडेबारा. शेजारची बाई दोघींचे गठ्ठे लावायला लागली. आईनं माझ्याकडे बघितलं. मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण तिनं बत्तीस वर्षं खोटं बोलणारी पोरं ओळखली होती. मी सगळं सांगितलं. फक्त दोरीचं चित्र आणि माझा मेसेज सोडून. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. कढईतली भाजणी काळी झाली होती. आईनं उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसली.

मग ती जे बोलली ते मला पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा कळत होतं. मी सहा वर्षांचा असेन, ताई नऊची. आई निवडणुकीच्या ड्यूटीवर एका खेड्यातल्या शाळेत गेली होती. बाबा सोलापूरला नोकरीला. दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती ती दुपारचे चार वाजले तरी आली नाही. ताईनं मला दूध-पोळी कुस्करून दिली आणि पाढे म्हणायला बसवलं. माझे बारापर्यंत म्हणून झाले की ती पुन्हा दोनपासून म्हणायला लावायची, आणि स्वतः चौकट धरून रस्त्याकडे बघत उभी राहायची. आई आली ती पोलिसांच्या गाडीतून. गाडी बिघडली होती, एवढंच तिनं आम्हाला सांगितलं होतं.

गाडी बिघडलेली नव्हती. गावातल्या दोन गटांत जुंपली होती आणि एका गटाला मतपेटी हवी होती. लोकांनी शाळेला गराडा घातला, कौलांवर दगड पडत होते. आई आणि दोन कर्मचारी आतून कडी लावून, पेटी फळ्यामागे ठेवून सकाळपासून बसून होते.

मी विचारलं की तू आम्हाला कधी सांगितलं का नाहीस.

"काय सांगायचं?" आई म्हणाली. "पेटी ताब्यात देताना कागदावर सही करायची होती आणि हात इतका हलत होता की माझी सही माझ्या सहीसारखी येईना. ते शिपायानं बघितलं. त्याचीच लाज वाटली मला, किती वर्षं."

ती धीर द्यायला सांगत नव्हती. खुर्चीकडे बघत सांगत होती, आणि तिचे हात पदरात गच्च धरलेले होते. तोवर मला वाटत होतं की आईला भीती माहीत नाही. आता घरात आम्ही दोघं भ्यायलेले होतो, इरा धरून तिघं, आणि त्यानं भीती कमी झाली नाही. पण ती लपवायचं काम तरी संपलं.

तीन वाजता अंधारून आलं. भोंगा वाजला. पावसानं समोरचा ब्लॉक पुसून टाकला आणि त्या आवाजात फोनची रिंग मला आधी ऐकूच आली नाही. ताई घरी पोचली होती. तिला क्लिप दाखवून विचारलं होतं, तिनं पुडी काढून टेबलावर ठेवली होती, लवंगा मोजून दाखवल्या होत्या. तिच्यावर कुणाचाही संशय नव्हता. उलट त्यांनीच तिची माफी मागितली. मग ती टॉयलेटमध्ये जाऊन बराच वेळ रडली. दोन पोलीस तिला मागच्या दारानं गाडीपर्यंत घेऊन आले आणि घरापर्यंत तिच्या मागे आले. आता घरातले सगळे दिवे बंद करून ती जिन्यावर बसली होती, कारण तिथं खिडकी नाही.

उद्या जाऊ नकोस, असं मी तिला चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. मग आईनं फोन मागितला. मला वाटलं, आई आता मुलीला बजावेल, नाहीतर कर्तव्याच्या दोन गोष्टी सांगेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. पाकिटं किती राहिली आहेत, असं विचारलं. बरीच, असं उत्तर आलं असावं.

"तुला झेपेल ते कर," आई म्हणाली. "गेलीस तर स्वेटर दुसरा घाल. आणि नाही गेलीस तरी मला वाईट वाटणार नाही, हे लक्षात ठेव."

शुक्रवारी सकाळी आम्ही सात वाजता टीव्ही लावला. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामीच होती. आईनं सगळ्या रांगा एकेक करून बघितल्या. साडेसातला अगदी मागच्या भिंतीशी, जिथं कॅमेऱ्याला धड दिसत नाही तिथं, एका निळ्या स्वेटरनं गठ्ठा उचलून दोनदा उभा आपटला. त्या दिवशी मी कामाची एकही ओळ तपासली नाही. हॉलचं दार उघडलं की माझा श्वास अडकायचा, बंद झालं की सुटायचा. दार पुष्कळ वेळा उघडलं.

रविवारी सकाळी उठलो तेव्हा निकाल लागला होता. ताईचं राज्य एका बाजूला कलंडलं आणि त्याबरोबर सगळंच. कोण जिंकलं हे जगाला माहीत आहे. कॉफीवाल्या अंकलनी मला लांबूनच अंगठा दाखवला, जणू आमच्या घरचाच निकाल होता. मी कुणाच्या जिंकण्यानं सुखावलो नाही की हरण्यानं खचलो नाही. हॉल रिकामा झाला, कॅमेरा बंद झाला, आणि आता ताई आम्हाला दिसणार नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

क्लिपचा खुलासा अधिकाऱ्यांनी केला. क्लिप ज्या वेगानं गेली त्या वेगानं खुलासा कुणी पुढे पाठवला नाही. ताईला कुणीतरी ओळखलंच. दुकानात निनावी चिठ्ठ्या आल्या. एक गाडी दोन दिवस तिच्या घरासमोर तोंड करून उभी होती. आत कोण होतं ते कधीच कळलं नाही. ती मैत्रिणीकडे राहायला गेली, मग दुसऱ्या गावात गेली, दुसऱ्या दुकानात लागली. तिला कुणी हात लावला नाही. पण पुढच्या निवडणुकीत तिनं नाव दिलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

विमानं सुरू झाल्यावर आई बार्शीला परतली. आणखी वर्षभरानं ताई सिंगापूरला आली. मी तिला बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला नेलं. दुपारची गर्दी, पंख्यांचा घरघराट, ट्रे गोळा करणाऱ्या आजी. ती भिंतीला पाठ लागेल अशी जागा शोधत दोनदा फिरली आणि मगच बसली. जेवता जेवता मी तिला ग्रुपवरच्या मेसेजचं सांगितलं. वंदनानं काय विचारलं, मी काय लिहिलं, तो हसरा चेहरा. इतकी वर्षं गिळून ठेवलं होतं ते सगळं. मला वाटत होतं ती चिडेल. चिडावं, असंच वाटत होतं. ज्या मुलीनं पाढे म्हणवून घेत मला दिवसभर सांभाळलं, तिला मी एका ओळीत परकी करून टाकलं होतं.

तिनं चमचा खाली ठेवला. शेजारच्या टेबलावर दोन चिनी म्हातारे सूप पीत बसले होते. आमच्या आसपास मराठी कळणारं कुणी असण्याची शक्यता नव्हती. तरी तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग मागच्या टेबलाकडे, मग जिन्याकडे. आणि माझ्याकडे वाकून, अगदी खालच्या आवाजात म्हणाली,

"बरं केलंस."